सुट्या बटणांची बोली

दुकान, मागची खोली
९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तुझ्या कानातलं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? तुला फोन करायचा म्हणजे इथे अर्धी गल्ली गोळा होते, आणि तिकडे तुला "बरं, बरं" एवढंच म्हणता येतं. त्यापेक्षा आपलं पत्र बरं.

दुकानाचं ठरलं. मार्चअखेर जागा रिकामी करून द्यायची. मालकांशी भांडण नाही, माझ्या गुडघ्यांनीच राजीनामा दिला आहे. चाळीस वर्षं शिडीवर चढउतार केली, आता दुसऱ्या पायरीवरच देव आठवतो. पण बंद करायचं म्हणजे माल कुठेतरी जायला हवा, आणि बटणं किती निघाली ते विचारू नकोस. वरच्या खणांत अशी बटणं सापडली की ती मी कधी घेतली तेच आठवेना.

समोरच्या फोटोवाल्याची सून मोठी हुशार आहे. तिने मला फोनवरच्या लिलावात बसवून दिलं. आपण काउंटरवर माल मांडून फोटो टाकायचा, खाली चार ओळी लिहायच्या. मग पाच दिवस लोक बोली लावतात आणि शेवटी जो वर राहील त्याची वस्तू. पहिल्या आठवड्यात मला फार मजा वाटली. कुठली कुठली माणसं माझ्या शिंपल्याच्या बटणांवरून हमरीतुमरीवर आली होती.

पण जिंकून पळणारेही कमी नाहीत. एका दातांच्या डॉक्टरांनी बोली एवढी चढवली की बाकीचे गप्प बसले, आणि वस्तू नावावर झाल्यावर म्हणतात, बायकोला विचारायचं राहिलं. एका शिंप्याने बारा ग्रोस घेतली. आता ग्रोस म्हणजे बारा डझन, हे शिंप्याला मी सांगायचं का? त्याला वाटलं बाराच बटणं.

सगळ्यांत वैताग आणलाय तो 'निळा शार्क' नावाच्या कोणीतरी. खरी नावं तिथे दिसत नाहीत. ज्यांचा संच फुटला, जोडीदार उरला नाही अशी सुटी बटणं मी एकेक करून टाकते. ती सहसा कोणी घेत नाही. हा शार्क मात्र नेमका त्यांच्यावरच येतो. जिंकतो आणि गडप होतो. आठवडाभर वाट बघून तेच बटण पुन्हा टाकलं तर पुन्हा हाच हजर. चारदा झालं. तू जन्मभर लिलाव केलेस, म्हणून सगळ्या बोलींची यादी सोबत पाठवते आहे. काय करू ते सांग.

आमची मुंगी असती तर तिने हे एका दुपारी निस्तरलं असतं. लेकीला घर सोडून अकरा वर्षं झाली, तरी हात अडला की आधी तिलाच हाक मारावीशी वाटते. असो. तिचं नाव काढायला मला तुझ्याशिवाय दुसरं कोणी नाही, म्हणून लिहिलं.

वहिनीला आशीर्वाद सांग आणि तब्येतीला जप.

तुझी
ताई

*

१७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यंत्र आलं. आता तुझी वहिनी काय म्हणते ते ऐकू येतं, त्यामुळे पहिलेच दिवस बरे होते असं वाटायला लागलं आहे.

तुझं पत्र वाचून हसू आवरेना. बेवारस मालाच्या गोदामात मी तीस वर्षं 'एक वार, दोन वार, तीन वार' ओरडलो. तिथे माणूस समोर उभा असायचा. आधी अनामत भर, मग हात वर कर. हात वर केल्यावर बायकोची आठवण झाली तर अनामत आमची. डॉक्टरांकडून अर्धे पैसे आधी माग, त्यांची बायको आपोआप आठवेनाशी होईल. शिंप्याला सोडून दे, तो बिचारा भोळा दिसतो. आणि यापुढे 'ग्रोस' लिहू नकोस, आकडा लिही.

आता शार्क. तुझी यादी मी चष्मा लावून दोनदा पाहिली. त्याच्या सगळ्या बोली दुपारी चार ते सहाच्या आत आहेत. फक्त रविवारी सकाळची एक आहे. ताई, हा शाळा सुटल्यावरचा शार्क आहे. कुठलं तरी पोर घरच्यांच्या फोनवर खेळतंय.

ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नकोस. मी एकदा पृथ्वीच्या गोलाचा पुकारा करत होतो. मागून एक हात वर होता, वर होता, मी आपला 'तीन वार' म्हणून मोकळा झालो. पुढचा जाडा माणूस बाजूला झाला तेव्हा मागे अर्ध्या चड्डीतला मुलगा. त्या एका 'तीन वार'साठी मला साहेबांनी अकरा पानं खुलासा लिहायला लावला. अल्पवयीनाची बोली ही बोलीच नव्हे. पैसे दिले नाहीत तर तुला काही करता येत नाही. दिले तर चार दिवसांनी आईबाप येणार की पोराने आमच्या खात्यातून उडवले, परत करा. म्हणजे दोन्हीकडून तूच अडकणार.

तेव्हा सरळ कंपनीला कळव की हा बोली लावणारा लहान असावा असा संशय आहे. ते तपासतील. तुझ्या बाजूने त्याला बंद करून टाक. आणि मुख्य म्हणजे त्याच्याशी बोलत बसू नकोस. तू दोन शब्द बोललीस की त्याला गोष्ट सांगायला बसशील, मी ओळखतो तुला.

मुंगीबद्दल लिहिलंस ते वाचलं.

शिडीवर चढू नकोस. आमच्यावर नेहमीसारखी माया ठेव.

तुझा
धाकटा

*

३० जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझी मात्रा लागू पडली. डॉक्टरांनी अर्धे नाही, सगळेच पैसे पाठवले. सोबत त्यांच्या बायकोचा निरोप होता की पुढच्या वेळी यांची बोली घेऊ नका. शिंप्याने दिलगिरीचं कार्ड पाठवलं. तो खरंच भोळा आहे, मी त्याला एक डझन तशीच पाठवून दिली. रागावू नकोस.

शार्कचंही झालं. फोटोवाल्याच्या सुनेला न विचारता मी स्वतः तक्रार केली, मला आता तेवढं जमतं. आधी बंद केलं, मग कंपनीला कळवलं. कंपनीने चार दिवसांनी उत्तर दिलं की तपासणीत सदर व्यक्ती अल्पवयीन आढळली, खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभार. तुझा अंदाज बरोबर निघाला. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं.

पण त्या दिवसापासून सुट्या बटणांवर एकही बोली आलेली नाही. मी चार वाजले की उगीच फोन बघते. कुणाचं पोर असेल, त्याला एकटं बटण कशाला हवं असेल, असलं काहीतरी डोक्यात येत राहतं. मुंगी गेली तेव्हा तिच्या कडेवरची नात दीड वर्षाची होती. आता साडेबाराची असेल. या वयाच्या मुलांना काय आवडतं ते मला कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही.

तू 'वाचलं' एवढंच लिहितोस. अकरा वर्षं तू वाचतोच आहेस. निदान एकदा लिही की ताई, पुरे आता, तिचा विषय काढू नकोस. म्हणजे मी तुझ्यावर चिडेन तरी.

निम्मे खण रिकामे झाले. दुकानात बोललं की आवाज घुमतो.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई

*

६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

हे पत्र मिळताच उत्तर लिही.

काल फोटोवाल्याची सून हिशेबाची यादी काढून द्यायला आली होती. फोनच्या कोपऱ्यात एक पाकिटाचं चित्र आहे, त्यावर सहाचा आकडा होता. मी रोज बघायची. मला वाटायचं ती जाहिरात आहे. तिने विचारलं की आजी, हे निरोप तुम्ही वाचले नाहीत का. सहाच्या सहा शार्कचे होते.

पहिल्यात विचारलंय की दुकानातल्या बाई हे स्वतः वाचतात का. मग लिहिलंय की जो जिंकेल त्यालाच विकणाऱ्याला निरोप पाठवता येतो, म्हणून जिंकावं लागतं. माझ्याकडे पैसे नाहीत, म्हणून जी बटणं कुणालाच नको असतात तीच मी घेते, म्हणजे कुणाचं नुकसान होत नाही. एकात विचारलंय की काउंटरच्या आत खाली लाकडी फळी अजून आहे का, कारण माझी आई लहानपणी तिथे झोपायची. आई बटण लावताना खाली दोऱ्याचे तीन वेढे देते, ते कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर 'शिकवलं कुणीतरी' म्हणते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. पाचव्यात स्वतःचं वय सांगितलंय, साडेबारा, आणि चालत नसेल तर सांगा पण तक्रार करू नका, अशी विनंती आहे. शेवटचा निरोप मी तक्रार केली त्याच्या आदल्या दिवशीचा. तुम्ही रागावलात का, एवढाच.

धाकट्या, माझ्या नातीने मला सहा वेळा हाक मारली आणि मी तिला कंपनीकडून हाकलून लावलं.

मी कंपनीला तीनदा लिहिलं. ते म्हणतात, अल्पवयीन व्यक्तीची माहिती आम्ही कुणालाही देत नाही, आणि बंद केलेलं खातं उघडता येत नाही. त्यांचं बरोबरच आहे. मी काहीही होऊ शकते. आजी असल्याचा दाखला माझ्याकडे कुठे आहे?

तुझ्या जुन्या ओळखी असतील, कुणी वकील असेल, काहीतरी कर. तिला एवढंच कळायला हवं की मी रागावले नव्हते. मी वाचलंच नव्हतं. मार्च संपला की हे दुकानही नसेल, मग ती मला कुठे शोधणार?

तुझी
ताई

*

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा फाडलं. तुझी वहिनी म्हणाली, आता चौथं फाडलंत तर मी लिहीन. म्हणून लिहितो.

वकिलाची गरज नाही. मुंगीचा पत्ता माझ्याकडे आहे. नऊ वर्षं आहे.

तिने मला एक कार्ड पाठवलं होतं. मामा, आम्ही दोघी ठीक आहोत, आईला सांगायचं नाही, सांगितलंस तर तुलाही पुन्हा कळवणार नाही, असं. मी शब्द दिला. वाटलं, वर्षभरात निवळेल. निवळलं नाही, आणि जेवढे दिवस गेले तेवढं तुला सांगणं अवघड होत गेलं. तुझं प्रत्येक पत्र वाचून मी 'वाचलं' लिहायचो, कारण खोटं लिहवत नव्हतं आणि खरं लिहिता येत नव्हतं.

ती एका इस्पितळाच्या कपडेघरात आहे. डॉक्टरांचे कोट, रोग्यांचे अंगरखे फाटले-उसवले की तिच्याकडे येतात. पोरीला मी दोनदा पाहिलं. डोळे तुझे आहेत आणि बोलणंही तुझंच, एकदा सुरू झालं की थांबत नाही. शार्कचं वेड तेव्हापासूनचं आहे. तू पहिल्या पत्रात ते नाव लिहिलंस तेव्हा माझ्या डोक्यात का आलं नाही, मला माहीत नाही. मी यादीतल्या वेळा बघत बसलो. इतका हुशार मी, की नातीला पकडून दिलं.

पत्ता तुला देता येणार नाही. शब्द दिलेला आहे आणि तो मोडला तर तुझाही रस्ता बंद होईल. पण तू पत्र लिही, मी पोचतं करतो. पोरीला नको लिहूस, तिच्या आईला लिही. लहान मुलाशी व्यवहार करायचा तर पालकाला विचारून. आईच्या चोरून नातीला पत्र गेलं, तर मुंगी आपल्या दोघांनाही उंबऱ्यात उभं करणार नाही.

तुला जे बोलायचं ते बोल. मी ऐकून घेईन.

तुझा
धाकटा

*

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद आहेत, ते काही मी काढून घेऊ शकत नाही. बाकी मनात जे आहे ते लिहिण्यासारखं नाही.

नऊ वर्षं. त्यातली कितीतरी पत्रं मी 'मुंगी जिवंत तरी असेल ना' असं मनात म्हणत संपवली आहेत. तू दोनदा तिच्या घरी जेवलास आणि मला हवापाण्याचं लिहिलंस. मला माहीत आहे की तू शब्द पाळलास. तुझ्या जागी मी असते तर मोडला असता, आणि म्हणूनच ती तुझ्याकडे आली, माझ्याकडे नाही. हे कळतं, तरी राग जात नाही. काही दिवस तसाच राहू दे.

सोबतचं पाकीट तिला पाठव. चिकटवलेलं नाही. तूही वाच, म्हणजे तुझ्या अनुभवाने चूक असेल तर कळेल.

ताई

*

(सोबतचं पत्र)

१९ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तू अर्ध्यात ठेवून दिलंस तरी चालेल, म्हणून आधी कामाचं लिहिते.

तुझ्या मुलीने माझ्या लिलावात बोली लावली. तिला रागावू नकोस. तिने कुणाला फसवलं नाही, कुणाचं काही घेतलं नाही. तिला फक्त निरोप पाठवायचे होते. मला फोनवरचं निरोपांचं पाकीट उघडता आलं नाही आणि मी तिची तक्रार केली. तिला वाटत असेल की आजीने हाकललं. तेवढं तिच्या मनातून काढून टाक, हे मी तुझ्याकडे मागते आहे. मी पाठवू का तिला पत्र? तू तिची आई, म्हणून तुला विचारते. नाही म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही आणि मामालाही त्रास देणार नाही.

आता दुसरं. त्या दिवशी तू बॅग आणि मूल घेऊन दुकानात आलीस, आणि म्हणालीस की आई, मी परत आले, मला तिथे राहायचं नाही. माझ्यासमोर लग्नाच्या कपड्यांची लेस घेणाऱ्या दोन बायका होत्या. माझी मान खाली गेली. आणि मी भिंतीवरच्या पाटीकडे हात करून म्हटलं की इथे विकलेला माल परत घेतला जात नाही. त्या बायका हसल्या. मीही हसले. तू पाच मिनिटं उभी होतीस. मी लेस मोजत राहिले, कारण वर बघायची हिंमत नव्हती. मोजून झालं तेव्हा तू नव्हतीस.

मला वाटलं, संध्याकाळी येशील. दिवा लावला तेव्हा वाटलं, सकाळी येशील. ती पाटी मी त्याच आठवड्यात काढली, पण ते तुला कुठून कळणार. लोकांसमोर थट्टा केली म्हणून तू गेलीस, असं मी सगळ्यांना सांगत आले. थट्टा नव्हती. त्या घडीला मला तू नको होतीस, लोक काय म्हणतील याची भीती जास्त होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

तू परत ये असं लिहायचा मला हक्क नाही. पण मनाचं विचारशील तर ते अकरा वर्षं दाराकडे तोंड करून बसलं आहे.

तुझी
आई

*

१४ मार्च

आई,

मायना काय लिहावा ते सुचलं नाही. तीर्थरूप लिहवत नाही आणि दुसरं काही शिकले नाही.

पत्र मामाकडून मिळालं. पंधरा दिवस इस्पितळात कपाटात ठेवलं होतं, घरी नेलं नाही. कामावर बटणं लावताना काढायची, वाचायची, ठेवून द्यायची. तू स्वतःला सोडवून घ्यायला काही लिहिलं असतंस तर मी उत्तर दिलं नसतं. त्या पाच मिनिटांत मी पण पाहत होते की तू वर बघतेस का. तू घाबरली होतीस, हे मला आज पहिल्यांदा कळलं. तेव्हा मला वाटलं होतं की तुला काहीच वाटत नाही.

मुलीला मी रागावलेले नाही. चूक माझी आहे. नोव्हेंबरात कामासाठी बटणं शोधताना एका फोटोत आपला काउंटर ओळखला, आणि तेव्हापासून तुझ्या दुकानातल्या वस्तूंचे फोटो मी रोज कामावरून आल्यावर बघत होते. बटणं नाही, मागचं बघायची. काउंटरची कड, खणांच्या मुठी, एका फोटोत तुझं मनगट आलं आहे. पोरीने विचारलं, हे कुठलं दुकान, आणि मी एकदाच बोलून गेले. पुढचं सगळं तिने माझ्याच फोनवरून केलं. कंपनीचा मेल आला तेव्हा मला कळलं. ती दोन दिवस जेवली नाही. तू पाकीट उघडलंच नव्हतंस हे मी तिला काल सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, आजीला फोन शिकवायला हवा.

मी येणार नाही. दुकान बंद होण्याआधी नाही, नंतरचं मला माहीत नाही. मला घाई करू नकोस आणि मामाला मध्ये घालू नकोस. त्याच्यावरचा राग मात्र सोड, त्याला मी बांधून ठेवलं होतं.

मुलीला पत्र लिहायला माझी परवानगी आहे. पत्ता मागे लिहिला आहे. महिन्यातून एक लिही, लांब लिहिलंस तरी हरकत नाही. ती तुला पुष्कळ विचारणार आहे, दुकानाचं, माझ्या लहानपणाचं, मी कशी होते त्याचं. माझ्याबद्दल तिला मी फारसं काही सांगितलेलं नाही, मलाच आठवेनासं झालं आहे. ती विचारेल ते सगळं सांग. आईला तेव्हा घरात का घेतलं नाही असं विचारलं तर तेही सांग, आणि इतक्या वर्षांत आई आठवली का असं विचारलं तर त्याचंही खरं उत्तर दे.

ती लहान आहे, म्हणून तुझी पत्रं आधी मी वाचणार आहे.

तुझी
मुंगी